'पुरे' म्हणणारं माणूस

सर कोणाला पाणी विचारायचे नाहीत, पाजायचेच. त्यांच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं की हातात कागदी ग्लास यायचा, आणि तुम्ही पहिला घोट घेतला की त्यांची नजर तुमच्या डोळ्यांवरून उतरून गळ्यावर जाऊन थांबायची. घोट खाली जाईपर्यंत तिथेच. मग म्हणायचे, "अजून एक." एसी दुरुस्त करायला आलेला माणूस असो, औषध कंपनीचा प्रतिनिधी असो, नवीन आलेली नर्स असो, कोणाची सुटका नव्हती. रमजानात पाणी बंद, तेव्हा म्हणायचे, "आवंढा गिळ." नर्सेस स्कार्फ सारखा करत बाहेर यायच्या आणि मला विचारायच्या, हा म्हातारा असा काय बघतो? मी सांगायची, बायांनो, त्यांना तुम्ही दिसतच नाही. त्यांना फक्त तुमची थायरॉइड दिसते. तिथे गाठ असली तर ती घोटाबरोबर वर सरकते, एवढंच त्यांना बघायचं असतं.

सौदीत दमामजवळच्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. त्याचे पातळ काप काढायचे, ते काचेवर बसवायचे, रंग चढवायचा आणि ती स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवायची, हे माझं काम. कॅन्सर आहे का, असला तर कुठल्या प्रकारचा, हे वाचून सांगायचं काम सरांचं. मी सांगलीची, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. पहिल्या दिवशी माझी फाइल न उघडताच त्यांनी विचारलं, "सांगलीची? म्हणजे मासे खात नसशील."

"खाते की."

"काय खातेस? ते नदीचं? ते मासे नव्हेत गो बाय. शिकवीन तुला."

ते बसत नसत. हे मी अलंकारिक म्हणत नाही. मायक्रोस्कोप त्यांनी फोटोकॉपीच्या कागदाच्या गठ्ठ्यांवर चढवून उंच केला होता आणि ते उभ्याने स्लाइडी वाचायचे, एक पाय सँडलच्या बाहेर काढून. दोन स्लाइडी झाल्या की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत एक फेरी. तिसरी कठीण असली तर फेरी जिन्यावरून. हॉस्पिटलने त्यांना पाठीला आधार देणारी महागडी खुर्ची घेऊन दिली, तिच्यावर त्यांचा कोट बसायचा. मीटिंगमध्ये ते भिंतीला लागून येरझाऱ्या घालायचे आणि बोलणाऱ्याची मान त्यांच्यामागे फिरत राहायची. मला स्वतःला मुळातच एका जागी दम निघत नाही, पण त्यांच्या खोलीत दहा मिनिटं काढली की मलासुद्धा कुठेतरी शांत जाऊन पडावंसं वाटायचं.

त्यांची बायको गावीच असायची. एकदाच इथे आली होती आणि महिन्याच्या आत परत गेली. म्हणाली, हा माणूस घरात फिरतो आणि मला चक्कर येते. रोज दुपारी तिचा फोन यायचा. सर तो स्पीकरवर टाकून स्लाइड बघत राहायचे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बसलात काय?"

"बसलोय," सर उभ्यानेच सांगायचे.

"खोटं बोलताय. सँडलीचा आवाज येतोय."

मला वाटायचं, या अस्वस्थपणामागे काहीतरी असणार. एखादी चूक झाली असेल, एखादा पेशंट हातचा गेला असेल. एकदा धीर करून विचारलंच. ते खो-खो हसले. "काय नाय झालेलं. माझी आई असती तर तिला विचारलं असतंस. पाळण्यातपण असाच होतो." इतकं साधं उत्तर मिळाल्यावर मी थोडी हिरमुसले, खरं सांगते.

मासे शिकवायला त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला कतीफच्या मच्छीबाजारात नेलं. तिथे त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. सुरमई घ्यायची, इथे तिला कनाद म्हणतात, तर ते त्या सुरमईकडे ढुंकून बघायचे नाहीत. तिच्या शेजारी पडलेला मासा उचलायचे, त्याचे कल्ले उघडायचे, वास घ्यायचे, खाली ठेवायचे. मग सुरमई तोला म्हणायचे. विक्रेता वैतागून अरबीत काहीतरी पुटपुटायचा. सरांचं म्हणणं असं की, तुम्ही मागताय तो मासा तुमच्यासाठी सजवून ठेवलेला असतो, शेजारचा बेसावध असतो. भाड्याने फ्लॅट बघायला गेले की आधी समोरच्या दाराची बेल वाजवायचे. लॅबमध्ये नवा माणूस घ्यायचा असला की त्याच्या जुन्या साहेबाला नाही, तर जुन्या लॅबमध्ये त्याच्या बाजूच्या टेबलावर बसणाऱ्याला शोधून फोन करायचे. यात त्यांचे किती तास गेले असतील आणि किती लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल! पण सुरमई मात्र कधी खराब निघाली नाही.

हीच तऱ्हा कामात होती, आणि तिचा जाच मला व्हायचा. तो समजण्यासाठी थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. सर शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे तसंच सांगते, कारण त्याहून सोपं मला सुचत नाही.

"प्रत्येक घरात एक माणूस असतं," ते फेऱ्या मारत म्हणायचे, "सगळ्यांना नको झालेलं. जेवायला बसलं की म्हणेल 'पुरे'. पोरं हुंदडायला लागली की 'पुरे'. लग्नात खर्च करायला निघालात की 'पुरे'. सगळं घर त्याला कंटाळलेलं असतं. एक दिवस ते माणूस जातं. पहिले काही महिने घर खूश. कोण अडवत नाय, कोण बोलत नाय. आणि मग एक दिवस बघायला गेलात, तर घर राहिलेलं नसतं." पेशीतसुद्धा असं 'पुरे' म्हणणारं माणूस असतं, ते म्हणायचे. ट्यूमर सप्रेसर जीन म्हणजे तेच. आणि ती दोन असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एक गेलं तरी दुसरं रेटून नेतं. दोन्ही गेली की पेशीला विचारणारं कोणी उरत नाही.

थायरॉइडचा नेहमीचा कॅन्सर म्हणजे तशी गरीब गाय. इथे बायकांमध्ये तो फार दिसतो. ऑपरेशन करायचं, गोळी घ्यायची, वर्षानुवर्षं नीट जगायचं. पण कधीकधी त्याच गाठीच्या एखाद्या कोपऱ्यातलं हे माणूस निघून जातं. पी-फिफ्टी-थ्री नावाचं जीन हरवतं. मग त्या कोपऱ्यातला कॅन्सर गरीब राहत नाही. जी गाठ वर्षं घेत होती, ती आठवड्यांत वाढायला लागते, श्वासनळीला भिडते. वेळेत, कोपऱ्याएवढा असतानाच सापडला, तर काही करता येतं. पसरल्यावर डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात.

हे जीन आहे की गेलं, ते बघायला आम्ही एक स्टेन करतो, म्हणजे एक खास रंग चढवतो. चांगल्या पेशींत अधूनमधून फिकट तपकिरी ठिपके उमटतात. जीन बिघडलं असलं तर बऱ्याचदा सगळ्या पेशी गडद तपकिरी होतात, ते आंधळ्यालाही दिसेल. पण ते पुरतं गेलंच असेल तर स्लाइड कोरी येते. एक ठिपका नाही. आणि इथेच माणूस फसतं. नवशिक्याला वाटतं, काही उमटलं नाही, म्हणजे काही नाही, चला बरं झालं. शिवाय तुकडाच खराब असेल, रंगच धरत नसेल, तरीही स्लाइड कोरीच येते. मग ओळखायचं कसं? सरांचं उत्तर एकच. "शेजारी बघ." त्याच तुकड्यातल्या शेजारच्या चांगल्या पेशींवर ठिपके आलेत का? आलेत, म्हणजे रंग बसलाय आणि कोरेपणा खरा आहे. शेजारी पण कोरे, म्हणजे स्लाइड पुन्हा कर. आणि ती पुन्हा मीच करायची. जेवायची वेळ झालेली, मुलाच्या शाळेची बस यायची वेळ झालेली, आणि कॉरिडॉरमधून हाक यायची, "काय गो, ही परत लाव." मी मनातल्या मनात त्यांना किती शिव्या दिल्यात त्याला गणती नाही.

आता ताईबद्दल. ताई नागपूरची, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा रास तनुराला रिफायनरीच्या कंत्राटी कामावर. ताई पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. माझ्या बाळंतपणात आई येऊ शकली नव्हती, तेव्हा ही परकी बाई रोज दोन वेळा जिना चढून आली होती. तिच्या उपकारांविषयी मी बोलू लागले तर ती मला फटका मारेल. पण या परमुलखात मला कोणी सख्खं असेल, तर ती.

थंडीत आम्ही मराठी कुटुंबं शहराबाहेर एक इस्तिराहा, म्हणजे दिवसभरासाठी भाड्याचं बागेतलं घर, घेतो. सर एकटेच असतात म्हणून मी त्यांना घेऊन गेले. बाकीचे पुरुष क्रिकेट खेळत होते आणि सर बाऊंडरीवरून गोल गोल फिरत होते. फिरता फिरता ते ताईपाशी आले आणि तिच्या हातात ग्लास दिला. ताईने भोळेपणाने घोट घेतला.

"अजून एक," सर म्हणाले.

"काय बघून राहिले हो तुम्ही?"

"घोट घ्या बाई."

"मले तहान नाही लागून राहिली! काय माणूस आहे बाप्पा!" ताईने ग्लास तिथेच गवतावर ओतला. पण सर खाली वाकून तिच्या गळ्याकडे बघत म्हणाले, "उजव्या बाजूला आहे. उद्या दाखवा."

ताई चांगलीच भडकली. तिला निमित्तही होतं. सरांनी मागच्या वर्षी तिच्या मुलीच्या मैत्रिणीला असंच घाबरवलं होतं, त्याआधी एका मल्याळी अकाउंटंटला, त्याआधी आमच्या रिसेप्शनिस्टला. सगळ्यांच्या सोनोग्राफ्या झाल्या, कोणाचंच काही निघालं नाही. सर दर वेळी म्हणायचे, "नाय निघालं ना? मग चांगलंच आहे." पण ज्यांनी चार रात्री डोळे मिटले नव्हते, त्यांना ते तितकंसं चांगलं वाटत नसे. दुसऱ्यांना 'पुरे' शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःला 'पुरे' म्हणणारं इथे कोणी नव्हतं.

या वेळी मात्र गाठ होती. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. रिपोर्ट आला तो गरीब गाईचा. सर्जन म्हणाला, सगळं निघालंय, गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी तपासून घ्या. आणि ताईला तर तेच हवं होतं. नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं, दोघांच्या फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचा देश सोडायचे, शिक्के पडले होते, सामान कार्गोने नागपूरला जाणार होतं आणि नवरा त्याच्या मागोमाग. ती स्वतः मात्र इथूनच कॅनडाला निघणार होती. मुलीचे दिवस भरत आले होते. मुलगी पहिलटकरीण, जावयाला आई नाही. ताईने महिनाभर अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशेपा गोळा करून ठेवल्या होत्या. ज्या बाईने माझं बाळंतपण केलं, ती आपल्या पोटच्या पोरीचं करायला निघाली होती. तिला कोण अडवणार?

सर अडले होते एका कोपऱ्यावर. "हा कोपरा मला आवडत नाय," ते सारखे म्हणायचे आणि तीच स्लाइड काढून परत बघायचे. त्यांनी मला त्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या त्या तुकड्यावर, पी-फिफ्टी-थ्रीचा स्टेन लावायला सांगितला आणि तेवढ्यात त्यांना रियाधला मीटिंगसाठी जावं लागलं. स्लाइड निघाली तेव्हा ड्यूटीवर आमचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, डॉक्टर होते. हुशार माणूस, पण रमजानचा शेवटचा आठवडा, पुढ्यात केसेसचा ढीग. स्लाइड कोरी होती. टोकाला मुद्दाम चिकटवलेला नमुन्याचा तुकडा नीट रंगला होता, म्हणजे मशीन ठीक. त्यांनी लिहिलं, निगेटिव्ह, आणि सही केली. सही झाली की रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जातो. पाच मिनिटांत ताईचा फोन. "अगं निगेटिव्ह आलं! वाचलं का तू?" संध्याकाळी तिने जपून ठेवलेली संत्रा बर्फी आमच्या घरी आली.

ईदच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सर परतले. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी ती स्लाइड मागितली. उभ्यानेच बघितली. मग कॉरिडॉरची एक फेरी. मग परत बघितली.

"शेजारी कुठे आहेत?"

मी पण वाकून बघितलं. त्या ब्लॉकमध्ये कडेपासून कडेपर्यंत फक्त कॅन्सरच होता. चांगली पेशी औषधालाही नव्हती. कोरेपणा खरा की तुकडा बिघडलेला, सांगायला कोणीच नाही.

"बरणी काढ," सर म्हणाले.

काढलेल्या थायरॉइडचा उरलेला भाग फॉर्मालिनच्या बरणीत असतो. लॅब बंद होत आली होती. माझा नवरा गाडीत सामान भरून खाली उभा होता, आम्ही पूल ओलांडून बहरीनला जाणार होतो. मी फोन केला तर मागून मुलगा ओरडला, "मम्मा, आर वी गोइंग ऑर नॉट?" मी म्हटलं, नॉट. त्याने काय केलं असेल ते मला घरी गेल्याशिवायच समजलं. मला सरांचा भयंकर राग आला होता, मिसरी डॉक्टरांचा आला होता आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. सरांचा रोजा होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी बरणीतला तुकडा फळीवर घेतला, उलटापालटा केला, बोटाने चाचपला आणि अशा जागी सुरी लावली, जिथे तो कोपरा आणि चांगली थायरॉइड एकमेकांना लागून होती. मशीनला तुकडा लावून आम्ही बाहेर पडलो तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान होत होती आणि सर पार्किंगमध्येच खजूर तोंडात टाकून चालायला लागले.

ईदच्या सकाळी मी एकटीच लॅबमध्ये काप काढत होते. नमाज आटोपून सर आले. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, अत्तराचा घमघमाट, हातात शीरखुर्म्याचा थर्मास. "ईद मुबारक, सर," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि फिरायला लागले. स्टेन व्हायला काही तास लागतात. त्या तासांत त्यांनी आमचा मजला पायाखाली तुडवून काढला. मला वाटलं, आता माझं डोकं फुटेल.

स्लाइड निघाली. लॅबमध्ये आणखी एक मायक्रोस्कोप आहे, दोघांना एकदम बघता येतो असा; तिच्यावर नाही, त्याच्यावर लावली. एका कडेला चांगली थायरॉइड दिसत होती, नीट गोल गोल वर्तुळं, आणि त्यांत अधूनमधून फिकट तपकिरी ठिपके. रंग बसला होता. सरांनी स्लाइड हळूहळू सरकवली. मध्ये नेहमीचा कॅन्सर आला. त्यातही ठिपके. आणखी सरकवली. कोपरा आला आणि ठिपके थांबले. नुसत्या निळ्या, वेड्यावाकड्या पेशी, एकमेकींवर रेटलेल्या. एक ठिपका नाही.

मला वाटलं, आता तरी सर खाली बसतील. ते तरातरा फोनकडे गेले.

सर्जन सुट्टीवर, फोन बंद. मिसरी डॉक्टर फोनवर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चूक माझी आहे, दुरुस्त रिपोर्ट आजच्या आज दोघांच्या सहीने जाऊ दे. पण पेशंटला आपण सांगायचं नाही, ते सर्जनचं काम, नियम आहे. सुट्टी संपू दे. सर म्हणाले, "सुट्टी संपेपर्यंत ती बाई कॅनडात असेल. उद्याचं विमान आहे." मिसरी डॉक्टर म्हणाले, "मग मी काही ऐकलं नाही."

ताईच्या घरात सरांना आणि मला खोक्यांमधून वाट काढत जावं लागलं. ती जमिनीवर बसून टेप लावत होती. सरांना बघून म्हणाली, "ईद मुबारक डॉक्टरसाहेब! पाणी मी देते आज तुम्हाला." सरांना गोड बोलता येत नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. रिपोर्ट चुकीचा होता. एका कोपऱ्यात कॅन्सर पालटलाय. तुम्ही कॅनडाला जायचं नाही, सरळ मुंबईला जायचं, कॅन्सरच्या हॉस्पिटलात, उद्याच.

ताईच्या नवऱ्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. ताईने टेप तोडली, नीट चिकटवली आणि मग बोलली.

"झालं बोलून? आता ऐका. माझी पोरगी तिकडे एकटी आहे. दोन महिन्यांत मी परत येते, मग कापा मले हवं तेवढं."

"दोन महिने नाहीत," सर म्हणाले.

"कशावरून? तुम्ही तं सगळ्यांनाच असं म्हणता! त्या पोरीला म्हटलं, त्या अकाउंटंटला म्हटलं. काय निघालं? रिपोर्टात निगेटिव्ह लिहिलं आहे, मी वाचलं ना!"

"ते चुकलं होतं."

"अन् आज तुमचं बरोबर आहे, हे कोण सांगते?"

आयुष्यभर ज्याला त्याला सावध करत फिरलेला माणूस, आणि नेमका आज त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. ताई माझ्याकडे वळली. "तू सांग. तू तं खोटं नाही बोलणार माझ्याशी."

मी म्हटलं, "ताई, मी बघितलंय."

"काय बघितलं?"

सर मध्येच म्हणाले, "चला. स्वतःच बघा."

पेशंटला लॅबमध्ये नेणं नियमात बसत नाही. मी तसं म्हटलं. सर गाडीची किल्ली काढत म्हणाले, "इथे राहायचा इकामा गेला तर माझा जाईल, तुझा नाय. चल, यल्ला."

ताईला मी त्याच दोघांच्या मायक्रोस्कोपसमोर बसवलं. तिला आधी काहीच दिसेना, नुसत्या पापण्या दिसत होत्या. मग दिसलं. "हे मी आहे?" तिने विचारलं.

"तुम्हीच," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "हे ठिपके दिसतात? ही तुमची सांभाळणारी माणसं. आवरणारी. इथे आहेत, इथे पण आहेत." त्यांनी स्लाइड सरकवली. "आता बघा."

ताई बघत राहिली. सर पहिल्यांदाच एका जागी स्थिर उभे होते.

"इथे कोणीच नाही," ताई म्हणाली.

तिने डोळे काढले नाहीत. तसंच बघत तिने सरांना विचारलं, "पोटुशी पोर आहे माझी. तिले काय सांगू?" ती उठली, कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिने मुलीला फोन लावला. "मी नाही येत आहे," एवढंच मला ऐकू आलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. सरांच्या समोर उभी राहून ती म्हणाली, "तुम्ही मले माझ्या पोरीच्या बाळंतपणाला नाही जाऊ दिलं. मी हे विसरणार नाही." सरांनी मान हलवली.

मुंबईला दुसरं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, मग कसल्यातरी नव्या गोळ्या. आवाजाची नस अगदी त्याच जागेला लागून गेलेली असते. सर्जनने आधीच सांगितलं होतं की आवाज जाईल बहुतेक, आणि वाचला तरी आजार परतला की पहिली खूण आवाजातच दिसेल, तो घोगरा होईल, फाटेल. नात जन्मली तेव्हा ताई रेडिएशनच्या मध्यावर होती. तिने नात फोनवर बघितली. तिकडे मुलीला तेल लावायला कोणी नव्हतं, अळीव करून द्यायला कोणी नव्हतं. हे ताईने मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा रडून.

सरांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चाललं नाही. कारण वयाचं दिलं गेलं. ईदच्या दिवसाची चौकशी झाली होती की नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. निरोपसमारंभात त्यांनी केक उभ्यानेच खाल्ला. आता ते गावाला असतात. बायको फोनवर सांगते, सकाळपासून किनाऱ्यावर फेऱ्या मारतात, जाळी ओढणाऱ्यांना पाणी पाजतात. मला अधूनमधून त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ताईचा असतो. डॉक्टर अजून बरी झाली म्हणत नाहीत, सध्या काही दिसत नाही म्हणतात, हे मी दर वेळी सांगते.

परवा मी ताईशी बोलत होते. नात आता भिंत धरून उभी राहते, पुढच्या महिन्यात नागपूरला येणार आहे. ताई खुशीत दिसली, म्हणून मी भीत भीत म्हटलं, "ताई, सर तुझी फार चौकशी करतात. एकदा त्यांना फोन कर ना." त्यावर ती जी सुटली! त्या माणसाचं नाव काढू नको माझ्यासमोर, म्हणाली. माझ्या पोरीच्या आयुष्यातला तो दिवस त्याने माझ्याकडून हिरावला, म्हणाली. लोकांचे गळे बघत फिरते मेला. मी फोन कानापासून लांब धरला तरी माझ्या नवऱ्याला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं.

मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने तिच्यासाठी नोकरी घालवली, त्याच्या वाट्याला हे यावं! सरांना सांगावं की न सांगावं, अशा विचारात दोन दिवस गेले. त्यांचा फोन आला तेव्हा खोटं बोलणं जमेना. म्हटलं, "सर, ताई अजून रागावलेली आहे. खूप बोलली तुम्हाला."

"ओरडली?"

"हो सर. खूपच."

"किती वेळ?"

"बराच वेळ. सर, तुम्ही मनावर घेऊ नका, ती—"

"ते ऱ्हाऊ दे गो. ओरडताना आवाज फाटत होता काय?"

"नाही सर. शेवटपर्यंत खणखणीत होता."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

"ओरडू दे," ते म्हणाले. "ओरडू दे तिला."